बारा मिलिमीटरचं भोक

नव्या घराच्या भिंतीचा रंग ठरवायला आम्हाला तीन आठवडे लागले होते. नेटची तार आत घ्यायला तिला भोक पाडायला कंपनीच्या त्या पोराला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"ताई, ती खुर्ची जरा सरकवा, धूळ उडेल," असं म्हणत त्याने हातभर लांबीचा बिट मशीनला लावला आणि मी काही बोलायच्या आत भिंतीतून लाल भुकटी सांडायला लागली. बारा मिलिमीटरचं भोक. करंगळीसुद्धा धड जाणार नाही एवढं. "बाहेरच्या अंगाला थोडं उतरतं पाडलंय," तो फुंकर मारत म्हणाला. "सरळ पाडलं तर पावसाचं पाणी तारेला धरून आत येतं." या सगळ्या प्रकरणात कुणीतरी आधी विचार करून काही केल्याचं ते पहिलंच उदाहरण होतं, म्हणून लक्षात राहिलं. न विचार करणाऱ्यांत सगळ्यात वरचा नंबर माझा.

कारण त्या भिंतीला भोक पडायची गरजच नव्हती.

घर अजून नुसत्या विटांचं होतं, खिडक्यांच्या जागी चौकोनी आकाश होतं, तेव्हा वायरमन निळा खडू घेऊन आला आणि म्हणाला, "टीव्ही कुठं येणार?" मी आजूबाजूला पाहिलं. सोफा कुठे येईल ते माहीत नव्हतं, उजेड कुठून पडेल ते माहीत नव्हतं, अजून जमीनही नव्हती. मी बोट दाखवलं. त्याने तिथे फुली मारली. "आणि नेटचा डबा?" मी दुसरीकडे बोट दाखवलं. दुसरी फुली. "फाटकापासून एक पाइप टाकून ठेवतो, पंचवीस मिलिमीटरचा, पुढं कुठलीबी तार ओढता येईल," तो म्हणाला. मी बरं म्हटलं. ओट्याची उंची मी इंचात मोजून घेतली होती, पायऱ्यांच्या कडा गोल हव्यात म्हणून दोनदा भांडले होते, आणि या तारांना अख्ख्या बांधकामातली जेमतेम दहा मिनिटं दिली होती.

असं का झालं याचा मी नंतर बराच विचार केला. पाणी, सांडपाणी, वीज ही माझ्या हिशेबी घराची अंगं होती. टीव्ही आणि नेट या वस्तू होत्या. पडद्यांसारख्या, घर झाल्यावर आणायच्या. आणि तरी राहायला आल्यावर पहिल्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाने सगळ्यात आधी विचारलं ते याच वस्तूंबद्दल. नळाला पाणी आहे का, हे कुणी विचारलं नाही.

तो पंचवीसचा पाइप अंगणाखाली नीट गाडला गेला. फक्त घराकडचं तोंड बंद करायचं राहिलं. एवढंसं काम, कापडाचा बोळा कोंबला असता तरी चाललं असतं. गिलावा चालू असताना पातळ सिमेंट त्यात कधीतरी उतरलं आणि आत बसून राहिलं. पुढे तार ओढायची स्प्रिंग त्यात घातली तर चार मीटरवर अडली. फाटकाकडून घातली, तिकडूनही अडली. मधला तो दीड-दोन वितींचा दगड काढायचा तर अंगणाची फरशी फोडायला हवी. अजून तो तसाच आहे. आमच्या घरातलं सगळ्यात पक्कं बांधकाम तेच असावं.

पण पाइप तुंबलाय हे कळायलाही आधी तार यायला हवी होती, आणि तार यायला आधी आम्ही असायला हवे होतो. नेटच्या कंपनीच्या संकेतस्थळावर मी पत्ता भरला. उत्तर आलं: या पत्त्यावर इमारत आढळली नाही. मी गच्चीच्या कोपऱ्यात बसले होते, मांडीवर फोन होता, पाठ भिंतीला टेकलेली होती. भिंत चांगली गार आणि घट्ट लागत होती.

फोन केला. पलीकडच्या मुलीने अतिशय नम्रपणे तेच सांगितलं. म्हणाली, "मॅम, तुमच्या पत्त्याची फिजिबिलिटी दिसत नाहीये." म्हणजे तिथवर तार नेता येईल असं त्यांच्याकडे दिसत नव्हतं. मी म्हटलं, अहो, शेजारच्या घरात तुमचीच तार गेलीय, मला इथून दिसतेय. "हो मॅम, शेजारचा पत्ता दिसतोय." मग शेजारच्यांचा पत्ता टाकून आमच्याकडे माणूस पाठवा. "तसं करता येत नाही मॅम, तिथे कनेक्शन आहे." हे बोलणं मी पाच दिवसांत चार वेळा केलं. दरवेळी नवा आवाज, तीच नम्रता. चिडायला कुणी सापडेना. त्यांच्याकडे पत्त्यांची एक यादी असते आणि ती कुणीतरी कधीतरी फिरून केलेली असते. त्या दिवशी आमच्या जागी गवत होतं, तर यादीत गवतच राहतं. पालिकेच्या लेखी घर झालं होतं, वीज खात्याच्या लेखी झालं होतं, आम्ही तर आत राहत होतो. कोणाकोणाच्या वहीत घर किती वेळा बांधावं लागतं ते मला तेव्हा कळलं.

तोवर टीव्हीचं तरी मार्गी लावू म्हणून नवऱ्याने डिशवाल्यांना बोलावलं. सासूबाईंची खोली लागली होती, कपाट लागलं होतं, टीव्ही भिंतीवर चढला होता आणि त्याच्यासमोर त्यांची खुर्ची होती. त्या ठरलेल्या वेळी तिथे जाऊन बसायच्या. समोर काळी काच. मी म्हटलं, "आई, अजून दोन दिवस तरी लागतील हो." त्या म्हणाल्या, "बसायला काय जातंय?"

डिश लावणारे दोघे गच्चीवर गेले आणि खाली सासूबाई एकदम ताज्यातवान्या झाल्या. "वर कोण, खाली कोण?" त्यांनी विचारलं. मला कळेना. मग त्यांनी त्यांच्या वेळचं सांगितलं. छपरावर ॲन्टेना असायचा, काड्याकाड्यांचा. सासरे वर चढायचे, सासूबाई टीव्हीसमोर, आणि मधे खिडकीत नणंदेला निरोपाला उभं केलेलं. "आलं! गेलं! मगाशी होतं तसं ठेवा!" मगाशी कसं होतं ते वरच्याला कधीच आठवायचं नाही. संसारातलं निम्मं भांडण त्या काड्यांवरून झालं, असं त्या म्हणाल्या. त्या काड्यांची रचना जपानमधल्या हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या दोघांची, १९२६ सालची. एक काडी लहर पकडते, मागची तिला परत ढकलते, पुढच्या तिला दिशा देतात. म्हणून वाऱ्याने ॲन्टेना जरा फिरला की पडद्यावर मुंग्या.

आता वरच्या माणसाच्या हातात मीटर असतो, त्यामुळे खाली ओरडायला कुणी लागत नाही. पण काम तेच आहे, फक्त नेम फार लांबचा आहे. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीबरोबरच फिरतो आणि खालून पाहणाऱ्याला एकाच जागी टांगल्यासारखा राहतो. टीव्ही आणि फोनचे संदेश असे वरून फिरवता येतील, हे विज्ञानकथा लिहिणाऱ्या आर्थर सी. क्लार्कने १९४५ साली एका मासिकात मांडलं, तेव्हा माणसाने एकही उपग्रह सोडलेला नव्हता. डिशची छत्री त्या उपग्रहाकडे तोंड करून बसवायची. ती एका अंशाने चुकली तर तिकडे वर सहाशे किलोमीटरहून जास्त चूक होते. आमच्या गच्चीवरचा पोरगा नटाला पान्याने पाव फेरा द्यायचा, मीटरकडे बघायचा, परत पाव फेरा. छत्तीस हजार किलोमीटरचा नेम तो अंगठ्याने साधत होता.

आणि मग खालून आवाज आला. "आलं!" सासूबाई ओरडल्या होत्या. त्यांना ओरडायला कुणी सांगितलेलं नव्हतं. वरच्याला ते केव्हाच कळलं होतं, पण त्यानेही वाकून "आलं का आजी?" असं विचारलं, हे मला फार आवडलं.

डिशची तार खोलीत कुठून आली? खिडकीतून. त्यासाठी खास चपटी तार मिळते, खिडकी तिच्यावर लागते असं म्हणतात. लागते, पण कडी बसत नाही. पहिल्या मोठ्या पावसात दोन गोष्टी एकदम झाल्या: त्या फटीतून पाणी आत आलं आणि टीव्हीवरचं चित्र गेलं. डिशच्या लहरींची लांबी दोन-अडीच सेंटिमीटर असते. पावसाचे टपोरे थेंब त्यांना शोषतात, विखरून टाकतात, आणि वरून इतक्या लांबून येणारा सिग्नल मुळातच क्षीण असतो. सासूबाई टॉवेलने खिडकी पुसत म्हणाल्या, "आमच्या काड्या बऱ्या होत्या." त्या पावसात चालायच्या हे खरं आहे, मोठ्या लांबीच्या लहरींना थेंबांचं काही वाटत नाही.

अशा लेखात या ठिकाणी एक परिच्छेद यायची पद्धत आहे. नेट नव्हतं म्हणून घरातली माणसं एकमेकांशी बोलायला लागली, जुने अल्बम निघाले, पत्त्यांचा डाव रंगला. आमच्याकडे यातलं काही झालं नाही. चिरंजीव गच्चीच्या एका कोपऱ्यात जाऊन बसले, कारण फोनच्या दोन दांड्या फक्त तिथे यायच्या. नवरा ऑफिसात जास्त वेळ थांबायला लागला. मी रोज एकदा कंपनीला फोन करायची आणि त्यासाठी मलाही त्याच कोपऱ्यात जावं लागायचं. गच्चीवर मायलेकांची भेट व्हायची खरी, पण ती नळावर रांगेत होते तशी.

घरात फोन का लागत नाही, याचं उत्तरही घराच्याच पोटात होतं. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी आणि खिडक्यांना ऊन आत येऊ नये म्हणून खास घेतलेल्या काचा. त्या काचांवर धातूचा इतका पातळ थर असतो की डोळ्याला दिसत नाही, पण उन्हातल्या उष्णतेबरोबर तो फोनच्या लहरीही परतवून लावतो. भिंती जितक्या चांगल्या बांधल्या, काचा जितक्या चांगल्या घेतल्या, तितकं घर बाहेरच्यांसाठी बहिरं झालं होतं. जुन्या घरात हा त्रास कधी नव्हता. ते गळकं होतं.

सतराव्या दिवशी, काही न कळवता, फायबरचा माणूस फाटकात उभा. आमचा पत्ता यादीत कसा आला हे त्यालाही माहीत नव्हतं. "काल रात्री ऑर्डर पडली," एवढंच. त्याने पाइपात स्प्रिंग घातली, तिचं काय झालं ते वर सांगितलं आहे. मग खांबावरून तार थेट भिंतीवर आणली, भोकाच्या खाली तिचा एक झोका सोडला, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत त्या झोक्याच्या बुडाशी येऊन टपकेल, आत शिरणार नाही. आणि तार आत ओढली.

मला वाटलं होतं, झालं. पण खरं काम तिथून पुढे होतं. त्याने जमिनीवर फडकं पसरलं, डब्यातून एक छोटं यंत्र काढलं आणि तारेचं काळं आवरण सोलत सोलत आत गेला. काळ्याच्या आत पांढरं, त्याच्या आत एक रंगीत धागा, त्या धाग्यावरचा रंग खरवडला तर उरलं ते जवळजवळ काहीच नाही. नुसती काच. जाडी १२५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग, आणि त्यातही प्रकाश धावतो तो मधल्या जेमतेम नऊ मायक्रोमीटरच्या गाभ्यातून. "हात लावू नका ताई, तुटलेला तुकडा बोटात गेला तर सापडत नाही," तो म्हणाला आणि कापलेला तुकडा चिकटपट्टीवर टिपून ठेवला. मग दोन टोकं यंत्रात समोरासमोर ठेवली. छोट्या पडद्यावर ती दोन टोकं केवढी मोठी दिसत होती. यंत्राने ती आपोआप एका रेषेत आणली, क्षणभर विजेची ठिणगी पडली, आणि दोन काचा वितळून एक झाल्या. "जॉइंट बसला."

मी तिथे फरशीवर मांडी घालून बसले होते. स्वयंपाकघरात दहा कामं पडली होती, पण मला उठवेना.

त्या काचेची गोष्ट मी नंतर वाचली. पाण्याच्या धारेत प्रकाश अडकून तिच्याबरोबर वळतो, हा प्रयोग जिनिव्हाच्या दानिएल कोलाडाँ या शास्त्रज्ञाने १८४२ साली प्रसिद्ध केला. म्हणजे कल्पना जुनी. अडचण काचेची होती. साधी काच आपल्याला आरपार दिसते कारण ती खिडकीत काही मिलिमीटर जाड असते. तीच किलोमीटरभर लांब केली तर पलीकडे अंधार. १९६६ साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकम या अभियंत्यांनी मांडलं की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. किलोमीटरमागे वीस डेसिबलपेक्षा कमी घट होईल अशी काच केली तर संदेश पाठवता येतील. वीस डेसिबल घट म्हणजे किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरणं, आणि त्या काळी तेवढंसुद्धा स्वप्न होतं. १९७० साली कॉर्निंग या अमेरिकन काच कंपनीच्या तिघांनी ते साधलं. आज किलोमीटरनंतर शंभरातले पंच्याण्णव भाग उरतील अशी काच मिळते. कावला नोबेल मिळालं ते २००९ मध्ये, त्या लेखानंतर त्रेचाळीस वर्षांनी. त्यांच्या पत्त्याचीही फिजिबिलिटी लवकर दिसली नसावी.

पोराने तारेच्या टोकाला मीटर लावला. उणे एकोणीस. "चांगली पॉवर आहे," तो म्हणाला. मी हिशेब करून पाहिला: उणे एकोणीस म्हणजे एका मिलिवॅटचा साधारण ऐंशीवा भाग. एवढ्याशा उजेडावर चार माणसांचं घर चालणार होतं, आणि तो उजेड डोळ्यांना दिसतही नाही. दिसत नाही म्हणून त्यात डोकवायचं नाही, हे त्याने दोनदा बजावलं.

आणि तोही आमच्या एकट्याचा नव्हता. खांबावरच्या डब्यात, तो म्हणाला, एका धाग्याचे बत्तीस होतात. आत वीजबिज काही नसते, नुसती काच प्रकाश वाटून देते. म्हणजे कंपनीच्या केंद्राकडून निघालेलं सगळं बत्तीसही घरी सारखंच येतं. शेजारच्यांचं, त्यांच्या पलीकडच्यांचं, कोपऱ्यावरच्या त्या कायम बंद खिडक्यांच्या घरातल्यांचं. फक्त ज्याचं त्याच्याच किल्लीने उघडतं; बाकीचं आमचा डबा न वाचता सोडून देतो. नवीन वस्तीत आम्हाला अजून कुणी ओळखत नव्हतं, पण त्यांची सगळी बंद पाकिटं आमच्या दारावरून जात होती आणि आमची त्यांच्या.

उलट दिशेला तर आणखी गंमत. बत्तीस घरं एकदम बोलली तर धाग्यात नुसता गोंगाट होईल, म्हणून प्रत्येकाने आपल्या पाळीलाच बोलायचं. सेकंदाचे आठ हजार तुकडे करून त्यात पाळ्या लावलेल्या असतात. पाळी चुकू नये म्हणून केंद्रातलं यंत्र आधी प्रत्येक डब्याला हाक मारतं आणि ओ यायला किती वेळ लागला त्यावरून ते घर किती लांब आहे ते मोजून ठेवतं. हे वाचल्यावर मी चष्मा काढून ठेवला. ज्या कंपनीला इतके दिवस आमचं घर सापडत नव्हतं, तिच्याच यंत्राने आता त्याच्यापर्यंतचं अंतर बिनचूक मोजून ठेवलं होतं.

डब्यावरचा लाल दिवा विझला, हिरवा लुकलुकत लुकलुकत स्थिर झाला. चिरंजीव गच्चीवरून खाली आले. कसं कळलं कोण जाणे.

पण ती तार येऊन पोचली होती ती माझ्या दुसऱ्या फुलीपासून अर्ध्या घराइतक्या अंतरावर. मी बोट दाखवलं होतं तिथे, जिन्याखालच्या कपाटात, नेटच्या डब्यासाठी व्यवस्थित पॉइंट होता, आणि तिथून वरच्या खोल्यांपर्यंत नळ्याही टाकलेल्या होत्या. तुंबलेला पाइप तिथेच निघत होता. म्हणून राउटर बसला दिवाणखान्यात, नव्या भोकाच्या शेजारी, आणि वरच्या मजल्यावर वायफाय पोचेना. पहिल्या आठवड्यात घरातल्या माणसांच्या जागा बदलल्या. अभ्यासाची खोली म्हणून जी बांधली तिथे कुणी बसेना. जिन्याची सातवी पायरी फार मोक्याची निघाली. स्नानघराच्या भिंतीवरच्या मोठ्या आरशाच्या मागची खोली तर ठार. आरशाच्या पाठीलाही धातूच असतो. खोल्यांची नावं आम्ही नकाशावर लिहिली होती, पण कुठे कोण बसणार हे आता दिवाणखान्यातला तो पांढरा डबा ठरवत होता.

मला त्या दिवसांत घराचा आवाज फार जाणवायचा. सामान पुरतं लागलेलं नव्हतं, पडदे नव्हते, त्यामुळे हाक मारली की तीच दोन-तीनदा परत यायची. सासूबाईंना तर जिन्यातून बोललेलं काही कळायचंच नाही. शब्द एकमेकांवर चढायचे. वायफायचंही नेमकं असंच होतं. लहरी भिंतींवर, फरशीवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी पोचतात आणि एकीच्या शेपटीवर दुसरी चढते. ही गुंतागुंत सोडवणाऱ्यांत ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचे जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांचे सहकारी होते. त्यांच्या पद्धतीला १९९६ साली अमेरिकेत पेटंट मिळालं. ओ'सलिव्हन मूळचे रेडिओ खगोलाचे. स्फोट होणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचा क्षीण रेडिओ सिग्नल ते शोधत होते. तो काही सापडला नाही. पण अंतराळातून विस्कटून आलेला सिग्नल नीट करायचं गणित हाताशी राहिलं आणि ते खोलीतल्या प्रतिध्वनींना लागू पडलं. ढोबळ सांगायचं तर संदेश एका घाईच्या धारेऐवजी पुष्कळ संथ धारांतून पाठवायचा, म्हणजे एका अक्षराचा प्रतिध्वनी विरेपर्यंत पुढचं अक्षर येत नाही. सासूबाईंशी जिन्यातून बोलताना मीही आपोआप तेच करायला लागले होते.

शेवटी दिवाणखान्यातून जिन्याखालच्या कपाटापर्यंत पायपट्टीच्या वरून एक तार नेली, आणि तिथून वर जाणाऱ्या नळ्या, ज्यांची तोंडं सुदैवाने बंद होती, त्या कामाला आल्या. पायपट्टीवरची ती पांढरी पट्टी आता फक्त मलाच दिसते. पाहुण्यांना दिसत नाही, असं नवरा म्हणतो.

भिंतीतल्या भोकाभोवती पोराने सिलिकॉन भरलं होतं. आठवड्याने त्याच्यासमोरच सोफा आला, आणि दुसऱ्या दिवशी डब्यावर परत लाल दिवा. तोच पोरगा परत आला. त्याने लाल उजेडाचं पेन तारेला लावलं आणि सोफ्यामागे, जिथे सोफ्याच्या पायाने तार दाबली होती तिथे, तार आवरणातूनच लाल झळकली. काच फार वाकली की प्रकाश आत टिकत नाही, वळणावर बाहेर सांडतो. एरवी न दिसणारी वाट पेनाच्या उजेडात एकदाच दिसली आणि ती सोफ्याखाली गळताना दिसली. त्याने तार सोडवून तिला पुरेसं गोल वळण दिलं. "सोफा चार बोटं पुढं ठेवा," म्हणाला.

तो सामान आवरायला लागला तेव्हा मी त्याला म्हटलं, "दादा, आणखी एक काम कर. बाहेरून कपाटापर्यंत एक नवी नळी टाकून दे, फरशीच्या कडेने, दिसली तरी चालेल."

"आता कशाला? नेट तर आलंय."

"असू दे. आणि आत एक दोरी सोडून ठेव. दोन्ही टोकांना गाठ मार."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पण टाकली. दोन्ही तोंडांना मी स्वतः कापडाचे बोळे कोंबले, वर चिकटपट्टी लावली. कपाटातल्या रिकाम्या पॉइंटमधून नायलॉनच्या दोरीचं वीतभर टोक लोंबतं.

परवा सासूबाई कपाटात काहीतरी शोधत होत्या. "ही दोरी कसली गं?"

"पुढच्या तारेची, आई."

"पुढची म्हणजे कुठली?"

"ते अजून ठरायचंय."

त्यांनी ते टोक जरा ओढून पाहिलं. अंगणाच्या पलीकडच्या टोकाला गाठ असणार, तिथून ते अडलं. मग त्यांनी दोरी गुंडाळून नीट आत सरकवली आणि मालिकेची वेळ झाली म्हणून खोलीत गेल्या.